सोळावा सोमवार

सोळा सोमवारांचा नवस मी बोलले होते, आणि पंधरावा झाल्यावर कंपनीने आमच्या वसाहतीतले सगळे सोमवार विकत घेतले.

नवस कंपनीसाठीच होता. तेव्हा खडकपाडीला नुसता माळ होता आणि हे वर्षभर घरी बसून होते. मी महादेवाला म्हटलं, इथे कारखाना येऊ दे, यांच्या हाताला काम मिळू दे, मग सोळा सोमवार करीन. त्याने ऐकलं. पाइपांचा कारखाना आला, एका शेडच्या तीन झाल्या, मागणी एवढी वाढली की मालकांना आठवडा पुरेना. त्यांनी फाटकावर नोटीस लावली : जो आपला सोमवार देईल त्याला छताचा पंखा.

वैशाख होता. सगळ्यांनी दिले. यांनीही सही केली आणि घरी येऊन म्हणाले, "अगं, सोमवार तसाही कामातच जातो. पंख्याला तीन वर्षांची ग्यारंटी आहे."

तेव्हापासून आमच्याकडे रविवारनंतर थेट मंगळवार उजाडू लागला. शेडला लागले तेवढे सोमवार शेडमध्ये गेले. बाकीचे मालकांनी बंगल्यावर नेऊन ठेवले, आणि गुरुवारांची नोटीस लावली.

मी कचेरीत गेले. वारांचं काम खांबेटे पाहत. माणूस सज्जन.

"किती सोमवार हवेत, बाई?"

"एकच. सोळावा."

"सोळावा असा वेगळा काढता येणार नाही. सगळे एकत्र रचलेत."

"कुठलाही द्या. उपास सोडला की पुसूनबिसून परत आणते."

खांबेट्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. "वापरलेला दिवस कंपनी घेत नाही. तुम्ही बंगल्यावर विचारा."

बंगल्यावर मालकीणबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणतात. त्यांचा आठवडा शेहेचाळीस दिवसांचा झाला होता.

"आज आमचा एकतिसावा सोमवार," त्या म्हणाल्या. "कोठीत अजून थप्प्या आहेत. तळच्यांना कुबट वास येतोय."

"मग त्यातला एक द्या ना. वासाचा चालेल."

"काल विचारलं मी साहेबांना. म्हणाले, पुढे कमी पडले तर?" त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "चहा घेता? माझ्याकडे वेळ आहे."

चहा घेतला आणि परत आले. शेजारच्या शेवंताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "काय गं, मिळाला का सोमवार? नाही ना? मग पंख्यालाच बेल वाहा आता. वर बसून गरागरा बघतोय."

"नवस महादेवाला बोललेय हो, पंख्याला नाही," मी म्हटलं. बोललेला नवस अर्धवट ठेवून झोप कशी लागायची? आणि तो फेडला नाही तर यांचं काम राहील का, हीच धास्ती. मी सूप उचललं. पाच घरी जोगवा मागतात, तसा मी चाळीस घरी मागितला. पीठ नको, वेळ घाला.

पहिला शेवंताबाईंनीच घातला. डाळीच्या पहिल्या शिट्टीपासून तिसरीपर्यंतचा. "घे, मेले. तेवढ्यात मी रोज बसते जरा, आज नाही बसणार." लीलाताईंनी नळाला पाणी येईपर्यंतचा दिला. तुळसाबाईंना पाच मुलं, त्यांच्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं. जाग आल्यावर सगळं आठवण्याआधी जो क्षण असतो, तो त्यांनी सुपाच्या कडेला ठेवला.

घरी येऊन मी ते सगळं जुळवलं. सोमवार झाला, पण ठिगळांचा. सकाळ दुपारनंतर आली, मध्येच दोनदा डाळीचा वास सुटला. तरी उपास नीट झाला. पूजा झाली, चुरमा झाला. आणि आरतीच्या तोंडाशी दिवस संपला. अर्धा तास कमी पडत होता.

बायका तबक घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात वहिनीसाहेब दारात आल्या, पायी, पदराखाली काही धरून.

"कोठीतला नाही हा," त्या म्हणाल्या. "माझ्या रुखवतातला आहे. आईने दिला होता. साहेबांना ठाऊक नाही."

अर्धा तास बरोबर भरला. आरती झाली. चुरम्याचे तीन भाग केले : एक देवाला, एक वाटायला, एक माझा. वाटायच्या भागातला वहिनीसाहेबांनी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी खांबेटे वही घेऊन आले. "वसाहतीत घरगुती सोमवार तयार झाल्याचं कळलं. मालक घ्यायला तयार आहेत. कूलर देतील."

यांनी पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं.

"वापरलेला आहे हो तो," हे म्हणाले. "वापरलेला दिवस कंपनी घेत नाही ना?"

खांबेट्यांनी ते मान्य केलं आणि वहीत तसं लिहिलं. मी चुरमा दिला. निघताना चपला घालत ते हळूच म्हणाले, "पुन्हा कधी करणार असाल तर सांगा. मंडळी म्हणत होती, जेवणानंतरची दहा मिनिटं आहेत आमच्याकडे."

बंगल्यावर आता दुसरी कोठी बांधताहेत. बांधू देत. बायांनो, तुम्ही ऐकलंत, आता एवढं करा : डाळ शिजेपर्यंतचा वेळ सांडू देऊ नका, वाटीत झाकून ठेवा. आणि कुणी सूप घेऊन दारी आली, तर नवस कसला ते न विचारता चिमूटभर घाला.