मातोश्रींचे सीमोल्लंघन आणि अ‍ॅल्युमिनियमचा सेतू

श्रीकुलस्वामिनी समर्थ. करवत, हातोडी, पकड आणि जी जी आयुधे घरोघरी नांदतात त्या सर्वांस दंडवत घालून, डोळां देखिले ते लिहितो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी. ते समयी एक राज्य होते. तीन बाजूंस कंपाउंडची भिंत, चौथीस मोटार ठेवावयाची खोली. परंतु मोटार बाहेर उन्हात आणि खोलीत कारखाना. राज्यावर राजश्री मोरेश्वरपंत होते. नोकरीतून निवृत्त होऊन लाकडावर मोहिमा काढीत. पाट केले, चौरंग केले, आणि एक स्टूल ऐसे केले की त्यावर कोणी बसत नसे, म्हणोन ते अद्याप शाबूत आहे. त्यांच्या मातोश्री द्वारकाबाईसाहेब दोन वर्षांमागे पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून चाकांच्या खुर्चीवर विराजमान जाहल्या. दारास पायऱ्या, त्यांपुढे खुर्चीचे काही चालेना. दोन दसरे आले आणि गेले. सारी आळी सोने घेऊन येई, पाया पडे, आणि मातोश्री उंबऱ्याआत बसोन आशीर्वाद देत. एक थोरल्या जाऊबाई, अक्कासाहेब, त्या मात्र येत नसत. चार घरे पलीकडे राहत, परंतु त्याही अंथरुणास खिळलेल्या. मग यंदा मातोश्रींनी पुत्रास हुजूर बोलाविले.

"मोरू, यंदा मला सीमोल्लंघनाला जायचंय. पायऱ्यांवर टाकायला उतार कर. पण लाकडाचा नको, हलका हवा."

"आई, लाकडाचा भक्कम होईल गं."

"हलका म्हटलं ना मी?"

आज्ञा जाहली, कारण सांगितले नाही. मग पंत बाजारात गेले आणि अ‍ॅल्युमिनियमचे एक लांबलचक पन्हळ खरेदी केले, की मध्ये कापून दोन करावे, दोन चाकांस दोन वाटा होतील. तो दुकानदाराच्या कापणीयंत्रास झेंडूची माळ चढलेली! खंडेनवमी, आयुधे पूजेस बसलेली, त्यांस हात लावणे नाही. "परवा या," ऐसे दुकानदार वदला. पंत पन्हळ रिक्षाच्या टपावर बांधून स्वराज्यी परतले, आणि कारखान्यात पाहतात तो आपलीही करवत हळदकुंकू लेवून बसलेली. प्रातःकाळी स्वहस्ते पूजा केलेली! ऐसे स्वतःच्याच भक्तीने पंत कोंडले गेले. आणि करवत तरी कोणती? विजेवर चालणारी खरी, परंतु लाकूड कापावयाची. तिने जन्मात धातू चाखिला नव्हता. पन्हळ एकच, दुकाने बंद, आणि मातोश्रींनी तर पेटीतील जरीचे लुगडे काढून उशाशी ठेविलेले. ते पाहून पंतांस जेवण गोड लागेना.

दशमीस सकाळी उत्तरपूजा केली, अक्षता टाकून करवत हलविली, आणि युद्धास तोंड लागले. शेजारचे हणमंतराव भिंतीवरून डोकावले. "पंत, लाकडाच्या करवतीनं हे कापताय? पातं जाईल, पन्हळ जाईल आणि बोटंही जातील."

"टोकाला थोडं कापून बघतो," पंत बोलिले आणि कळ दाबली. काय तो आकांत वर्णावा! मोठ्या दातांचे पाते धातूत रुतले, पन्हळ उसळले, पंत मागे सरले, आळीतील कावळे उडाले, आणि कोपऱ्यात एक झेंडूची माळ विसरली होती ती पात्यात सापडोन पाकळ्यांची वृष्टी जाहली. टोक चावल्यासारखे दिसू लागले. सुलभावहिनी, पंतांचे कुटुंब, आतून धावत आल्या. "अहो, आधी प्लग काढा! मग काय ते बघा!" मग पंतांनी प्लग काढिला, घाम पुसला, आणि मोबाइलमध्ये पाहून कारखान्यात पडलेले बारीक दातांचे पाते चढविले. पात्यास मेणबत्तीचे मेण चोळिले, आसपासचा भुसा झाडून नेला की ठिणगीने पेट घेऊ नये, पन्हळाच्या पोटात लाकडाचा ठोकळा दिला आणि चारी अंगांनी शिकंजे आवळिले. हणमंतराव भिंत ओलांडून मदतीस आले. डोळ्यांवर चष्मे चढविले. मग पंतांनी कुलस्वामिनीस स्मरून, तान्ह्याच्या तोंडी घास द्यावा तैसे हळूहळू पाते धातूत उतरविले. आणि काय सांगावे! किंकाळीची गुणगुण जाहली, चांदीचे कण उन्हात उडू लागले, आणि ज्या धातूस आम्ही वैरी मानिला तो लोण्यासारखा दुभंगला. लिहिणारा पंतांशेजारी उभा होता, त्याच्या अंगावर काटा आला, हे खोटे नाही. मग पंतांनी कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि दोन वाटा पायऱ्यांवर टाकिल्या.

तिसरे प्रहरी मातोश्री जरीचे लुगडे नेसून, हाती आपट्याची पाने घेऊन उंबऱ्यावर आल्या. पंतांनी खुर्ची धरिली, हणमंतराव पुढे उलटे चालले, आणि चाके खाली उतरली. आळीने टाळ्या वाजविल्या. पंतांस वाटले, मोहीम फत्ते.

"थांबू नकोस," मातोश्री बोलिल्या. "अक्काकडे ने."

गेले. अक्कासाहेबांच्या दारीही पायऱ्या, अंमळ उंचच. पंत खिन्न उभे राहिले. "आई, आता?"

"हलका कशाला मागितला होता, मोरू? जा, घेऊन ये."

तेव्हा पंतांच्या ध्यानी आले. सुलभावहिनी पुढे झाल्या, पदर खोचिला, एक वाट त्यांनी काखेत मारली, दुसरी पंतांनी खांद्यावर घेतली, आणि तोच सेतू अक्कासाहेबांच्या पायऱ्यांवर लागला. मातोश्री आत गेल्या. अक्कासाहेब पलंगावर. त्यांनी पाहिले, आणि पहिल्याने ओळख पटेना.

"द्वारके? तू कशी आलीस गं?"

"मोरूनं वाट केली." मग मातोश्री खुर्चीतून वाकल्या आणि अक्कासाहेबांच्या पायांवर डोके ठेविले. "दोन वर्षं नुसते नमस्कार घेतेय, अक्का. मला कुणाच्या तरी पाया पडायचं होतं."

अक्कासाहेबांनी त्यांचे डोके उचलू दिले नाही; हात तसाच ठेविला.

एवंच लाकडाच्या करवतीने धातूवर जय मिळविला आणि एक धाकटी जाऊ आपल्या थोरल्या जावेस भेटली. टोकास पाते चावल्याची खूण आहे, ती पंतांनी घासू दिली नाही. आम्ही पाहिले तेवढे लिहिले.