सिंधूकाकूच्या पोट्ट्या

आमच्या शहापुरात पोळा फुटला की सिंधूकाकूच्या घराचं पुढलं दार बंद होतं, ते थेट दिवाळीपर्यंत. दारावर खडूनं लिहिलेलं असतं : 'मागून या. पुढे पोट्ट्या आहेत.'

नवा माणूस चक्रावतो. काकूचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोटी मूलबाळ नाही, मग या पोट्ट्या कुठल्या? तो मान वर करतो. चौकटीला लटकलेलं करड्या रंगाचं पोळं आणि त्यावर दाटीनं बसलेल्या गांधीलमाश्या दिसल्या की मागचं दार त्याला आपोआप सापडतं.

पावसाळ्यात या माश्या कोणाकडे येत नाहीत? आम्ही बाकीचे लोक फवारा मारतो, नाहीतर बांबूला चिंधी गुंडाळून पेटवतो. काकूला हे कळलं की ती कमरेवर हात ठेवून अंगणात हजर. "लेकुरवाळीच्या घराले कोणी आग लावते का गा?"

एकदा तर तिनं महालक्ष्म्याही मागच्या दारानं घरात आणल्या. गोठ्याजवळून, न्हाणीला वळसा घालून. बाया हबकल्या. "काकू, लक्ष्मी पुढूनच येते!" काकू पावलं उमटवता उमटवता म्हणाली, "लक्ष्मीले घर पाह्यजे, दार कायले?" निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून पुढून गेला. तो परत आला तेव्हा हात जोडलेलेच होते, पण डोळा बंद झाला होता. काकूनं त्याला मागून बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाली, "वाचता येत नाही, अन् मतं मांगून राह्यला!"

मीही हसायचो. पण एका दुपारी काकूनं मला खिडकीशी बसवलं. "बोलू नोको. पाह्य." एक माशी जुन्या फाटकाच्या बांबूवरून भुसा खरवडून आणत होती, तोंडात मळत होती आणि त्याची पातळ भिंत उभी करत होती. दुसरी वांग्याच्या झाडावरची अळी घेऊन आली. ऊन चढलं तशा काहीजणी पोळ्यावर उभ्या राहून पंख हलवू लागल्या. "लेकरायले वारा घालून राह्यल्या," काकू कुजबुजली. चहा कधी निवला ते मला कळलं नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, रोज घरं बांधणारी माणसं बघतो. पण असं बांधकाम मी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी माझी मुलगी पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि आमच्या न्हाणीच्या खिडकीत पोळं निघालं. लहानपणी पूनमला या माश्यांनी झोडपलं होतं. तोंड सुजून ती ओळखू येईना झाली होती. आता आठवा महिना. ती न्हाणीत पाऊल टाकेना. दुसऱ्या दिवशी रडायलाच लागली. "बाबा, मले परत नागपूरले पोचवून द्या."

मी बांबू काढला, चिंधी गुंडाळली. बायको ओरडत होती, "छपराले आग लागन ना!" तेवढ्यात काकू आली. मला वाटलं, आता भांडण. पण तिनं आधी पूनमकडे बघितलं. तिचे डोळे पुसले. "रडू नोको माय. उद्या सकाळी मी त्यायले घेऊन जाते. मले नाही चावत त्या."

पहाटे, गारव्यात माश्या सुस्त असतानाच काकू आली. अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला दुपट्टा, हातात कडुलिंबाचा धूर करणारं मडकं. आम्हाला तिनं घरात कोंडलं. "काही झालं तरी दार उघडायचं नाही." आम्ही खोलीच्या खिडकीच्या काचेआडून बघत होतो. पूनम सगळ्यात पुढे, दोन्ही हात पोटावर.

काकूनं धूर दिला आणि नुसती उभी राहिली. मग देवघरातला दिवा हलवावा तशा हातानं तिनं पोळ्याखाली टोपली धरली, विळ्यानं देठ कापला, वरून ओलं पोतं टाकलं. काही माश्या बाहेर राहिल्या, तिच्या डोक्याभोवती घोंगावू लागल्या. काकू दचकली नाही, पळाली नाही. खिडकीकडे वळून पूनमकडे बघून हसली आणि टोपली घेऊन बोडीच्या पाळीकडे, म्हणजे गावतळ्याच्या बांधाकडे, चालू लागली. तिथल्या झाडाला तिनं ते पोळं बांधलं म्हणे. पूनमच्या तोंडून एवढंच निघालं, "बापा रे!" त्या दिवशी ती निवांत न्हाली.

त्यानंतर काकू दिसेना. रोज चहाला येणारी बाई, फिरकलीच नाही. पूनम म्हणाली, "आपलं काही चुकलं का?" बायकोनं डबा भरला आणि आम्ही तिघं निघालो, अर्थातच मागच्या दारानं.

काकू खाटेवर बसली होती. आम्हाला बघताच तिनं पदर तोंडावर ओढला, पण सुजलेला गाल आणि मिटलेला डोळा दिसायचा तो दिसलाच. मान, हात, सगळीकडे फुगलेले चट्टे.

"दाढ सुजली," ती म्हणाली.

"काकू!"

"बरं, चावल्या. डॉक्टरनं सुई देली, मलम देलं. आता उतरून राह्यलं. तेवढ्यासाठी त्यायले मारू नका."

"पण तेव्हा ओरडली काहून नाहीस?" मी विचारलं.

"कशी ओरडू? ही खिडकीत उभी होती ना. हिच्यासंग पोटातलं लेकरू बी भेलं असतं."

तेवढ्यात ती पाण्याच्या गडव्यासाठी वाकली, आणि मानेमागे आम्हाला दिसलं. हात पोचला होता तिथपर्यंत मलमाचे पांढरे डाग होते. त्याखाली, पोलक्याच्या काठाशी, चट्टे तसेच लालभडक होते. तिथं लावायला घरात कोणी नव्हतं.

बायको पुढे होणार, इतक्यात पूनम एका हातानं खाट धरून सावकाश काकूच्या मागे बसली. तिनं ट्यूब उघडली. मी दाराकडे तोंड केलं.

"राहू दे माय, तुले त्रास होईल," काकू म्हणत होती.

"हालू नोका," पूनम म्हणाली.

मग काकूच हळूच म्हणाली, "थोडं खाली. हो, तिथंच."