म्हात्रेभाऊंची तोंडतपासणी

रक्त काढण्याआधी म्हात्रेभाऊ माणसाचं तोंड हुंगत. रोह्याच्या बाजारात त्यांची एका खोलीची लॅब होती. सुया उकळत ठेवल्या की समोरच्याला म्हणत, "हा करा." आरोपी बहुधा तिथेच गुन्हा कबूल करी.

दोष आरोपींचाही नव्हता. साखरेच्या तपासणीला उपाशी या म्हटलं, तरी आमच्याकडे चहा कोणी खाण्यात धरत नाही. त्यात बुडवलेलं बटरही चहातच जमा. वीज गेली तर म्हात्रेभाऊ रक्ताची नळी हाताने फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवत, पण अशा माणसाला मात्र सरळ परत धाडत. "चहावालं रक्त खोटं बोलतं," हे त्यांचं ब्रीद.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी एकाएकी बारीक झालो. बायको ते कौतुकानं सांगत फिरत होती. डॉक्टरांना मात्र मधुमेहाची शंका आली. मी लॅबमध्ये गेलो आणि पकडलो गेलो. वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी, अर्ध्या कपासाठी खोटं बोललो होतो. आता शाळेतून सवड नाही, पुन्हा येणार नाही, असं सुनावून निघालो. खरं तर भ्यालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला म्हात्रेभाऊ नदीवरचा पूल ओलांडून सायकलनं पलीकडच्या अष्टमी गावात आमच्या दारात. "वहिनी, ते आधण उतरवा आधी." हुंगलं, रक्त घेतलं. जेवल्यावर बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, म्हणून घड्याळ समोर ठेवून बसले. बायकोनं त्यांनाही भाकरी वाढली.

सगळ्यांच्याच घरी असे जाता का, मी टोमणा मारला.

"जो परत येणार नाय असं वाटतं, त्याच्याकडं."

मग भाकरी मोडत सांगू लागले. त्यांची आई पेणजवळच्या मिठागरात कामाला. पायाची जखम भरेना. पहिल्या एसटीनं दोनदा रोह्याला आली, दोन्ही वेळा चहा पिऊन आली.

"मीच परत धाडली, मास्तर. नियम म्हंजे नियम. तिसऱ्यांदा म्हणाली, आता बरं हाय, नाय येत. मला तेवढंच पुरलं, मी गेलो नाय. त्या पायानंच नेली तिला."

माझा मधुमेह त्या सकाळी सापडला. आज दोन्ही पायांवर धड उभा आहे, तो त्यांच्यामुळे.

बायकोनं तेव्हा एवढंच विचारलं, "तुमच्या आईंचं नाव काय हो?"

"हिरूबाई," म्हणाले, आणि आईबद्दल बोलतच राहिले. घड्याळात दोन तास होऊन वर दहा मिनिटं गेली. मीही आठवण करून दिली नाही.