निकम सरांचे कान

निकम सर कुणाच्याही घरी गेले की चपला काढतात, आत येतात आणि एक जोरदार टाळी वाजवतात. खोलीत आवाज कसा घुमतो ते त्यांना बघायचं असतं. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी टाळी वाजवली आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "खोली फार कोरडी आहे हो तुमची." कोरडी म्हणजे आवाज न घुमणारी, हे वडिलांना काय ठाऊक; त्यांनी घाईघाईने सगळ्यांसाठी पाणी मागवलं. लग्न जमलं, पण त्या घरात सर अजून 'टाळीवाले काका' आहेत.

मुंबईच्या एका स्टुडिओत आयुष्यभर गाणी रेकॉर्ड करून सर नाशिकला, इंदिरानगरात, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. एकटेच. मागच्या खोलीच्या भिंतींवर त्यांनी गोधड्या ठोकल्या आणि रेकॉर्डिंगचा वर्ग सुरू केला. "आधी कान, मग मशीन," हा त्यांचा नियम. पहिले आठ दिवस कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, गॅलरीत बसून जे ऐकू येईल ते वहीत लिहायचं. एकाने लिहिलं, 'खालचे काका चहा पिताना फुर्रर्र करतात.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि वही मला आणून दाखवली.

खालचे काका म्हणजे मी. भजन म्हणतो, टाळ वाजवतो, म्हणून सरांनी माझा गळा मुलांच्या सरावासाठी कायमचा मागून घेतला आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझं भजन रेकॉर्ड करून झालं. सरांनी हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." सिन्नरहून एसटीने येणारी आरती हळूच म्हणाली, "सर, मागं बारीक शिट्टी हाय." सरांनी पुन्हा ऐकलं. नाही म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकलं आणि बाकीच्या मुलांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांनाच शिट्टी ऐकू येत होती. शेवटी आरतीने कोपऱ्यातला मोबाइलचा चार्जर काढला, आम्ही पुन्हा रेकॉर्ड केलं आणि मुलं पुटपुटली, "गेली." सरांना ती आलेली कळली नव्हती, गेलेलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. वयामुळे वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले होते, परत येणार नव्हते. दारावर 'वर्ग बंद' अशी पाटी लागली. मी वर गेलो, तर सर माइक पुसून खोक्यांत भरत होते. "ज्याला ऐकू येत नाही त्याने काय शिकवायचं?" एवढंच म्हणाले. मी खोकी धरून उभा राहिलो.

चौथ्या दिवशी आरती आली. पाटी आपल्यामुळे लागली, असं तिला वाटत होतं. दारातूनच म्हणाली, "सर, चुकलं माझं. परत न्हाय बोलणार."

सरांच्या हातातला माइक तसाच राहिला. मग ते म्हणाले, "ऐकू आलं ते बोललीस. मी शिकवतो ते हेच. परत बोलणार नाहीस, तर मात्र वर्गाबाहेर काढीन."

सोमवारी पाटी निघाली. डॉक्टर काय म्हणाले ते सरांनी मुलांना स्वतःच सांगितलं, अगदी आलेख काढून. आरतीची खुर्ची आपल्या शेजारी ओढून घेतली. आता आवाज कुठे जाड करायचा, कुठे मोकळा सोडायचा, ते सर सांगतात. वरच्या पट्टीतलं बारीकसारीक ती सांगते. कधी दोघांचं पटत नाही, मग मला तेच भजन सहा वेळा म्हणावं लागतं.

परवा भजनाच्या शेवटी येणारा टाळाचा ठोका रेकॉर्ड करायचा होता. मी टाळ वाजवला. सरांनी हात वर धरला. नाद पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. आरतीने डोळे मिटले होते.

"आहे सर... अजून आहे... बारीक झाला... गेला."

सरांनी हात खाली घेतला.

"कसा होता?" त्यांनी विचारलं.

"लय गोड होता, सर."