नववी ‘ब’ने हात वर केले

विज्ञानाच्या बाईंची नोकरी वाचवायला एक वही आणि एक निळं पेन पुरेसं आहे, असं मौनीने सोमवारी सकाळी ठरवून टाकलं. बाकी कुणी काही करायची गरज नव्हती. बाईंनी तर मुळीच नाही.

मौनी म्हणजे नववी ‘ब’ची मॉनिटर. नावावर जाऊ नका. गेल्या वर्षीपर्यंत ती वर्गात तोंड उघडायची ती फक्त डबा खाताना, म्हणून ते नाव पडलं. आता ती बोलायला लागली की घरी दादा तिच्या मानेमागे आवाज कमी करायचं बटण शोधतो, पण नाव काही बदललेलं नाही. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

ती बोलायला लागली ती या बाईंमुळे. गंमत म्हणजे बाईंना स्वतःलाच आवाज नव्हता. होता, पण घशाचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की ओरडाल तर उरलासुरलाही जाईल. अशा बाईंना शाळेने वर्ग दिला कुठला, तर नववी ‘ब’. तिथे वर्षभरात दोन सर येऊन गेले होते. एकांनी रडून रडून वर्ग बदलून घेतला. दुसऱ्यांनी शिकवणंच सोडलं. ते आता विमा विकतात आणि म्हणे सुखात आहेत.

बाई आल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. वर्गात ओरडायचं नाही, सगळं खुणांनी चालेल. शांतता हवी असली की बाई दोन्ही हात वर करणार (बाई उंचीने बेताच्या, एक हात मागच्या बाकावरून दिसत नाही). ते पाहिलं की ज्याने त्याने आपला हात वर करून गप्प व्हायचं. समजलं तर अंगठा. ऐकू आलं नाही तर ‘काय? काय?’ असा कालवा न करता कानांवर हात ठेवायचे, बाई जवळ येऊन परत सांगतील. जोडीने काम असेल तर पुढच्या बाकांनी मागे वळायचं. आणि छातीशी धरलेलं एक बोट म्हणजे, मला विचारायचंय पण उभं राहायला लावू नका.

हे शेवटचं जणू मौनीसाठीच होतं. तिने पहिल्यांदा बोट धरलं तेव्हा बाई तिच्या बाकापाशी आल्या, वाकल्या, आणि दोघी कुजबुजल्या. दोन बिनआवाजाची माणसं. दोन महिन्यांनी मौनी उभी राहून विचारायला लागली. चौथ्या महिन्यात बाई म्हणाल्या, “आता हिला खाली बसवायची एक खूण तक्त्यात घालायला हवी.”

तर या बाई सहा महिन्यांच्या बोलीवर होत्या. त्यांना कायम करायचं की नाही, ते मुख्याध्यापक, म्हणजे आमच्याकडे ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात ते, शनिवारी ठरवणार होते. बिनआवाजाची शिक्षिका वर्ग कसा सांभाळणार, याची त्यांना शंका होती. प्रत्यक्ष येऊन पाहावं तर वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि सरांचा गुडघा कामातून गेलेला. म्हणून त्यांनी त्या आठवड्यापुरती रोज एक नोंदवही मागवली. तासाला काय घडलं ते मॉनिटरने लिहायचं, शिपाई मावशींनी ती वही खाली न्यायची आणि सरांनी वाचून परत पाठवायची.

आणि मोठ्या सरांनी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांच्यासमोर लेचीपेची भाषा चालायची नाही, हे मौनीला न सांगता कळलं. तिला वाक्प्रचारांत दहापैकी दहा होते.

सोमवारी तिने लिहिलं: “तास सुरू होताच बाईंनी हात वर केले. ते पाहून संपूर्ण वर्गानेही हात वर केले.”

वही परत आली तेव्हा वाक्याखाली दोन लाल रेघा होत्या.

“सरांना आवडलं,” मौनी म्हणाली.

“लाल रेघ म्हणजे चूक,” ढांग्या म्हणाला. हा शेवटच्या बाकावरचा. इतका उंच, की बसलेला असला तरी शिक्षक त्याला ‘खाली बस’ म्हणतात.

“चुकीला एक रेघ असते. या दोन आहेत.”

ढांग्याने पान उजेडात धरून पाहिलं. चुकांचा अनुभव त्याला दांडगा होता, पण दोन रेघा त्यालाही कधी मिळाल्या नव्हत्या.

मंगळवारी मौनीने आणखी जोर लावला. “धडा शिकवून झाल्यावर बाईंनी मुलांकडे पाहिले. सर्व मुलांनी बाईंना अंगठा दाखवला.” समासात लाल पेन्सिलीने आलं: “सर्वांनी?”

बिचाऱ्या सरांचा विश्वासच बसत नाहीये, मौनीला वाटलं. बुधवारी तिने खुलासा केला. “होय, सर्वांनी. काल गैरहजर असलेल्या दोघांनी आज येऊन दाखवला.” आणि पुढे एका दमात लिहिलं: “बाईंनी प्रश्न विचारताच मागच्या बाकांनी कानांवर हात ठेवले. प्रयोगाच्या वेळी पुढच्या बाकांनी बाईंकडे पाठ फिरवली. बाईंना समाधान वाटले. त्या म्हणाल्या, असेच चालू ठेवा.”

गुरुवारी वही आली तीत मोठ्या सरांचं पूर्ण वाक्य होतं. “निर्भयपणे सत्य लिहिल्याबद्दल शाबास.”

मौनी ते वाक्य घेऊन वर्गभर फिरली. जवळजवळ तरंगत. ढांग्यानेसुद्धा मान्य केलं की ही चूक नसावी.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला बाईंना खाली बोलावणं आलं. दहा मिनिटांनी त्या परत आल्या, फळा पुसला आणि खुर्चीत बसल्या. वर्गात गलका सुरू झाला, वाढला, पार जिन्यापर्यंत पोचला. बाईंचे हात टेबलावरच राहिले.

“बाई, काय झालं?” मौनीने विचारलं.

“काही नाही गं. उद्याचा तास घेऊ आपण. पुढच्या आठवड्याचं माहीत नाही.”

खाली जिन्यात मावशी भेटल्या. त्यांनी मौनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तूच ना ती? बाईंच्या तक्रारी लिहिणारी? दिसतेस तर गरीब.”

“तक्रारी?”

“मी काही वाचत नाही हो कुणाचं. पण सर आज बाईंना वाचून दाखवत होते ना.”

घरी आई इस्त्री करत होती. आई इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर असते. दिवसभर लोकांचं गोंधळलेलं बोलणं ऐकून सरळ दोन ओळींत लिहिणं हे तिचं काम. मौनीने कच्च्या वहीतून आठवड्याचं सगळं लिखाण तिला वाचून दाखवलं. अंगठ्यापर्यंत आली तेव्हा दादाने जेवता जेवता मान वर केली. पाठ फिरवली तेव्हा आईने इस्त्री उभी करून ठेवली.

“अगं, त्या बाईंनी तुमचं काय घोडं मारलं होतं?”

“कुठे काय? उलट मी त्यांचं कौतुकच...”

“माझ्या खिडकीशी येऊन एखादा म्हणाला, डॉक्टरांनी हात वर केले, तर मी काय समजायचं?”

  मौनी खाली, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावरच बसली.

हात वर करणे: जबाबदारी झटकणे. अंगठा दाखवणे: धुडकावून लावणे. कानांवर हात ठेवणे: आपल्याला काही ठाऊक नाही असे भासवणे. पाठ फिरवणे: साथ सोडणे. सगळे अर्थ तिला पाठ होते. परीक्षेत विचारले की ती घडाघडा लिहायची. इथे कुणी विचारलंच नव्हतं.

“आणि बाईंना समाधान वाटले,” दादा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की आवरलं.

“आता उद्या जा आणि सरांना सांग,” आई म्हणाली. “जी लिहायला घाबरली नाही तिने बोलायला कशाला घाबरायचं?”

शुक्रवारी शाळा भरायच्या आधीच मौनी मोठ्या सरांच्या दारात उभी. सरांनी तिला समोर बसवलं. एवढ्या आदराने त्या खुर्चीत आजवर पालकांनासुद्धा बसवलं नव्हतं.

“सर, मी लिहिलेलं सगळं चुकीचं आहे. म्हणजे बरोबर आहे. म्हणजे त्यांनी हात वर केले, पण खरे हात. खरोखर वर.” आणि तिने करून दाखवलं.

सर हळूच पुढे झुकले. “बाईंनी पाठवलं का तुला?”

“नाही हो सर.”

“घरी कुणी काही बोललं?”

“आई म्हणाली जाऊन सांग.”

“हं.” सरांनी मान हलवली. “दबाव येतोच, बाळ. सत्य लिहिणाऱ्यावर येतोच. पण तू डगमगू नकोस.”

मौनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून सरांची आणखी खात्री पटली.

“सर, मी परत लिहू? एकही वाक्प्रचार न वापरता?”

सरांनी कोरा कागद पुढे केला. असा लेखनप्रकार त्यांनी पूर्वी कधी पाहिला नसावा. मौनीने चार ओळी लिहिल्या. बाई एक शब्दही बोलत नाहीत. दोन हात उंच धरतात. बेचाळीस मुलं दहा मोजायच्या आत गप्प होतात. मग बाई हळू आवाजात शिकवतात आणि सगळ्यांना कळतं.

सरांनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

“नववी ‘ब’?”

“हो सर.”

“हे त्या आधीच्यापेक्षा अवघड आहे. आधीचं निदान पटण्यासारखं होतं.” ते काठी घेऊन उठले. “चल. मला बघायचंय.”

तोवर शाळा भरली होती आणि पहिला तास बाईंचाच होता. सर तीन मजले चढले. प्रत्येक वळणावर थांबले. मागून मावशी खुर्ची घेऊन, त्यांच्यामागे मौनी, अशी मिरवणूक निघाली, पण कुणी बोलत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर नववी ‘ब’चा आवाज आधी भेटला, वर्ग नंतर. कालपासून वर्गाचा धीरच सुटला होता. बाई गेल्याच असं धरून पोरं जुन्या वळणावर आली होती. एक कंपास हवेतून गेला.

दारात मोठे सर दिसले आणि बाईंचा चेहरा पांढरा पडला. मौनीला वाटलं, संपलं. मग बाईंनी दोन्ही हात वर केले.

पुढच्या बाकाचे हात गेले, मग मधल्यांचे, मग ढांग्याचा, जो जवळजवळ पंख्याला लागला. आवाज विझत विझत गेला. शेवटी फक्त पंख्याची करकर उरली. मौनीने बाजूला पाहिलं. मावशींनी खुर्ची खाली ठेवून हात वर केला होता. आणि मोठे सर एका हाताने काठीवर रेलून उभे होते, दुसरा हात खांद्याच्या वर आलेला. तो आपण कधी उचलला हे त्यांनाही माहीत नसावं. त्यांनी तो घाईने खाली घेतला आणि चष्मा नीट केला.

खुर्चीत बसून सरांनी नेमकं ढांग्याला विचारलं, “पाणी उकळायला लागल्यावर आच वाढवली तर ते आणखी तापतं का?”

“नाही सर. ती उष्णता वाफ करण्यात खर्च होते.”

“कुणी सांगितलं?”

“बाईंनी. हळू.”

“हे सगळ्यांना समजलंय?”

बेचाळीस अंगठे वर आले. सरांनी क्षणभर डोळे मिटून घेतले. बत्तीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

मग ते शिस्तीवर चार शब्द बोलायला लागले. दम लागलेला, त्यामुळे शब्द ओठांपाशीच राहत होते. शेवटच्या दोन बाकांनी कानांवर हात ठेवले. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मौनी पुढे झाली. “सर, म्हणजे त्यांना ऐकू येत नाहीये. ऐकायचंय त्यांना.”

“तीन मजले चढून आलोय मी. आवाज कुठून आणू?”

“माझंही तसंच आहे, सर,” बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की ते सगळ्या वर्गाला ऐकू आलं.

सर उठले. मग काठी टेकत दोन बाकांच्या मधून शेवटपर्यंत गेले आणि उरलेलं तिथे उभं राहून बोलले.

शनिवारी फलकावर कागद लागला. विज्ञानाच्या बाई कायम. मौनीने तो तीनदा वाचला, चौथ्यांदा ढांग्याला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तेव्हा कुठे तिला खालची ओळ दिसली. नोंदवही यापुढेही चालू राहील. मात्र ते काम मॉनिटरकडून काढून भाषेत कच्च्या असलेल्या विद्यार्थ्याकडे द्यावे.

बाईंनी ढांग्याला निवडलं. स्पर्धा नव्हतीच.

सोमवारी त्याने अर्ध्या मिनिटात वही भरली. “बाई आल्या. शीकवलं. कळलं.” वही परत आली तेव्हा खाली लाल पेन्सिलीने ‘उत्तम’ लिहिलेलं होतं. मौनीने ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. ‘शीकवलं’मधला ‘शी’ चक्क दीर्घ होता आणि सरांना तो दिसलाच नव्हता.

आता हे सरांच्या कानावर घालायलाच हवं, म्हणून ती तडक निघाली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली. मग तिथेच उभी राहिली, थोडा विचार केला, आणि परत वर आली. म्हटलं, राहू दे.