त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल

पेट्रोल वाचवण्यासाठी दर रविवारी पेट्रोल जाळत शिरूरहून दौंडला जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याच्या शेजारच्या सीटवर बसून आयुष्यातले कित्येक रविवार घालवलेत.

आप्पा आमच्या हायस्कुलात सायन्स शिकवायचे आणि मी मराठी. घरंही भिंतीला भिंत लागून. आप्पा मूळचे निमोण्याचे, आणि निमोण्याची बोली त्यांनी वर्गात शिरतानाही कधी बाहेर ठेवली नाही. "ऑक्सिजन हाय म्हणून आग हाय, आग हाय म्हणून च्या हाय," हा त्यांचा ज्वलनाचा धडा. मुलं तेवढंच लिहून पास व्हायची.

ह्या आप्पांकडे एक जुनी इंग्रजी मोटार होती. धरणावरच्या एका इंजिनिअरची बदली झाली, त्यानं जाताना ती विकायला काढली आणि गावात दुसरं गिऱ्हाईकच नसल्यामुळं ती आप्पांची झाली. रंग एके काळी हिरवा असावा. पण तिचा रुबाब असा की साधं पेट्रोल ती पीत नसे. शिरूरच्या पंपावर मिळायचं त्र्याऐंशी ऑक्टेन नंबरचं. आप्पांच्या गाडीला लागायचं त्र्याण्णव, आणि ते मिळायचं दौंडला.

"पण आप्पा, जाऊन यायलाच टाकी निम्मी होते, त्याचं काय?" स्टाफरूममध्ये दर सोमवारी कुणीतरी विचारायचंच.

"गणित साधं हाय," म्हणत आप्पा खडू उचलायचे. "त्र्याऐंशी म्हंजी कसं, अक्षता पडायच्या आधीच पंगतीला जाऊन बसनारा पावना. पिस्टन वर यायच्या आधीच त्ये पेट घेतं. मग इंजान टकटक करतं, ताकद जाती, ॲव्हरेज मरतं. त्र्याण्णव दमानं घेतं. सांगितल्याबिगर पेटत न्हाई."

"मग पुण्याला मिळतं की ते."

"पुन्याच्या रस्त्याला ट्रक किती! शिक्रापुरात थांबा-चला, थांबा-चला. ॲव्हरेजचं वाटोळं."

एवढं बोलून ते फळ्यावर आकडे मांडायला घ्यायचे. ते गणित सुटलेलं मी कधी पाहिलं नाही. सुटायच्या सुमाराला घंटा व्हायची. आप्पा घड्याळ बघूनच ते मांडायला घेतात, असा माझा संशय होता.

त्यात पेट्रोलचे भाव भडकले आणि आप्पांना ॲव्हरेजचं वेडच लागलं. उतार लागला की इंजिन बंद. चढ लागला की मी खाली. खिडक्या भर चैत्रातही बंद, कारण वारा आत शिरला की गाडी अडते. आणि हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्नला बॅटरी लागते, बॅटरीला डायनामो, डायनामोला इंजिन आणि इंजिनाला पेट्रोल. म्हणून समोर बैलगाडी आली की काच खाली करून मी ओरडायचं, "आवो, बाजूला व्हा की!" माझा आवाज मोठा आहे, एवढ्याच लायकीवर माझी ह्या कामी नेमणूक झाली होती.

एके काळी हा हॉर्न सगळ्या आळीच्या ओळखीचा होता. तेव्हा पुढच्या सीटवर आप्पांची सुनंदा बसायची. ती लहान असतानाच तिची आई गेली. वेणी घालण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं आप्पांनीच केलं. गाडीतला हॉर्न हे सुनंदाचं खातं. शेळी दिसली वाजव, मैत्रीण दिसली वाजव, कुणीच दिसलं नाही म्हणून वाजव. पुढं तिचं लग्न झालं, ती दौंडला रेल्वेच्या चाळीत नांदायला गेली, आणि त्यानंतर हॉर्नला पेट्रोल लागतं हे आप्पांच्या ध्यानात आलं.

मध्येच एकदा कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी टर्बो नावाचा प्रकार वाचला. "धूर वाया जातो बघा," ते मला पहाटे उठवून सांगत होते. "त्याच धुरानं पंखा फिरवायचा आन् पंख्यानं इंजनात हवा कोंबायची." त्यांनी लोहाराकडून भट्टीचा हातपंखा आणला आणि तारेनं बॉनेटात आवळला. धुरानं काही तो पंखा फिरेना. तेव्हा दांडी फिरवायला मला बसवलं. मी फिरवली. गाडी क्षणभर विचारात पडली आणि मग तिनं असा बार काढला की आळीतल्या कोंबड्या समोरच्या घरात देव्हाऱ्यापर्यंत गेल्या. माझ्या भुवया जळाल्या. आप्पा मात्र हरखून गेले होते.

"बघितलं का मराठीवाले? हवा कोंबली की त्र्याण्णवसुदिक कमी पडतं. साधं असतं तर आज तुमीबी गेला असता!"

भुवया परत येईपर्यंत मी वर्गात मुलांकडे पाठ करून शिकवलं.

वजनाच्या बाबतीत तर हा माणूस कसाई. माझ्या हातातली छत्रीसुद्धा घरी ठेवायला लावायचा. मागच्या सीटवर मात्र दर रविवारी निमोण्याहून आलेली टोपली असायची. भोपळा, काकड्या, वांगी, ओल्या शेंगा. मी टोपलीकडे नुसतं पाहिलं तरी आप्पा म्हणायचे, "त्ये वजन न्हाई. मागची चाकं उडू नयेत म्हणून हाय."

दौंडला टाकी भरली की ते पेट्रोल 'बसायला' तासभर लागायचा. तो तास आम्ही सुनंदाच्या सासरी काढायचो. टोपलीही तिथंच रिकामी व्हायची, कारण येताना चाकं उडत नसत. सुनंदा चहा आणायची. आप्पा दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसायचे आणि व्याह्यांना ऑक्टेन समजावून सांगायचे. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस, इंजिनाशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता. ते सगळं मुकाट ऐकून घ्यायचे. लेकीच्या घरी बापानं उठसूट जायचं नसतं, ह्या वळणाचे आप्पा. "पेट्रोलला आलो हुतो," हे वाक्य ते शिरताना एकदा आणि निघताना एकदा म्हणायचे.

आणि एक दिवस शिरूरच्या पंपावर त्र्याण्णव आलं.

पंपाच्या मालकानं यंत्राला झेंडूची माळ घातली, नारळ आणला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून आप्पांना मानानं बोलावून घेतलं. "मास्तर, खास तुमच्यासाठी मागवलं. दौंडची दगदग आता बंद!" जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे रविवार सुटले होते.

आप्पांनी नळीचा वास घेतला. "न्हेमी मिळनार का?"

"न्हेमी!"

"वा," आप्पा म्हणाले. मयताला आलेल्या माणसाचा आवाज तसा असतो.

त्या रविवारी गाडी निघाली नाही. पुढच्याही नाही. टोपली पडवीत पडून राहिली आणि शेवटी भोपळा आमच्या घरी आला. स्टाफरूममध्ये कुणी गणित विचारलं तर आप्पा "आता कशाचं गणित" म्हणून वर्तमानपत्र उघडायचे. चार रविवार घरी मजेत लोळावं असं मी ठरवलं होतं, पण शेजारी तो ताडपत्रीखालचा मोटारीचा उंचवटा बघून मला जेवण जाईना. शेवटी मीच म्हणालो, "आप्पा, चला की दौंडला. असंच."

"असंच कसं?" आप्पा माझ्यावरच उखडले. "तिची सासू काय म्हनंल? मास्तरला कामधंदा न्हाई. तोंडावर न्हाई म्हननार, पर पोरीला ऐकून घ्यावं लागंल. कारन पायजे, मराठीवाले. कारनाबिगर कसं जायाचं?"



त्याच आठवड्यात पेपर तपासायच्या कामाला पुण्याला निघालो होतो. शिक्रापूरला एसटी चहाला थांबली. तिथं रस्त्याकडेला रफिकमिस्त्रीचं गॅरेज. आप्पांच्या गाडीचं सगळं काम हाच करायचा. मला बघून तो हात पुसत आला.

"मास्तर की गाडी कैसी है? अब तो शिरूर में भी त्र्याण्णव आ गया!"

"हो ना. ती साधं पीत नाही म्हणून केवढी दगदग."

"नहीं पीती?" रफिक हसायला लागला. "अरे साब, साधे पे मक्खन चलती थी! लडकी की शादी हुई, और मास्तर आके बोले, रफिकभाई, इंजन का हेड इतना घिसो की साधा पेट्रोल इसको पचनाच नहीं मंगता. मैंने बोला, अच्छी गाडी क्यों बिगाडते? बोले, तू घिस."

कंडक्टरनं घंटी दिली तरी मी चहाचा ग्लास धरून तसाच उभा. फळ्यावरचं गणित आज सुटलं होतं. सुनंदाच्या लग्नाआधी ही गाडी पेट्रोलला दौंडला कधी जात नव्हती, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला हसू आलं आणि रागही आला. चांगलं इंजिन ह्या गृहस्थानं लेथवर घासून घेतलं, पण 'पोरीला बघावंसं वाटतं' एवढं म्हणवलं नाही! पुण्याला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

परत आलो तर शनिवारी संध्याकाळी दौंडचे व्याही आमच्या आळीत हजर. एसटीनं आले होते, अंगात जुना काळा कोट. ओट्यावर आम्ही पाचसहा जण बसलो होतो. त्यांनी पाणीही घेतलं नाही, उभ्यानंच बोलायला लागले.

"मास्तर, हितलं त्र्याण्णव टाकलं का गाडीत?"

"टाकलं."

"वाजतंय का इंजान?"

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. "थोडं… वाजतंय म्हना."

"वाजनारच. हितलं आन् आमच्याकडचं एक न्हाई. तुमी एवढं शिकलेलं मानूस, चांगली गाडी खराब कराल. उद्या या, आमच्या पंपावरचं भरा. आन् त्ये तासभर बसू द्यायला लागतं, मंजी जेवूनच जावा. सुनंदाच्या सासूनंच सांगितलंय." मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सूनबाई रइवारी दारातनं हलत न्हाई हो. आमच्यानं बघवंना."

आप्पा उपरण्यानं चष्मा पुसत होते. "मला वाटलंच हुतं," ते म्हणाले. "ह्या पेट्रोलात दम न्हाई."

दुसऱ्या दिवशी टोपली एवढी भरली होती की चाकं उडायची काही धास्तीच नव्हती. उतारावर इंजिन बंद, चढाला मी खाली, काचा बंद, सगळं नियमानं झालं. दौंडात गाडी रेल्वेच्या चाळीकडे वळली. समोर शेळी नव्हती, बैलगाडी नव्हती, मी ओरडावं असं कुणीच नव्हतं. आणि आप्पांनी हॉर्न वाजवला. एकदा वाजवला, थांबले, आणि मग हात उचललाच नाही.

चाळीच्या टोकाला एक दार उघडलं. पिठाचे हात तसेच घेऊन सुनंदा पळत रस्त्यावर आली.

"आप्पा," मी म्हणालो, "हॉर्नला पेट्रोल लागतं ना?"

"लागू दे," आप्पा म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी हॉर्नवरचा हात काढला. "दौंडात भरायचंच हाय की."