चाळीस फिकट फायली

सिस्टरच्या फायली हरवायला लागल्या, म्हणून शोधक घरात आला.

सिस्टर म्हणजे वेलांटीमास्तरांची बायको. बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली आणि महिन्याभरात त्या वॉर्डाच्या आठवणींचं पुस्तक लिहायला बसली. मास्तर स्वतः आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी इतक्या लोकांशी वाकडं घेतलं होतं की हजेरीपटाबाहेर त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. अशा माणसाच्या घरात पुस्तक लिहायचं, म्हणून सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, "पुरं होईपर्यंत एका ओळीलाही हात लावायचा नाही." मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे शब्द देणं नव्हे, असं त्यांचं स्वतःपुरतं मत होतं.

सिस्टर फायलींना नावं द्यायची ती 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच शेवटचं' आणि 'हेच शेवटचं खरं' अशी. दुसऱ्या दिवशी त्यातलं खरं कोणतं हे तिलाच सांगता यायचं नाही. शेवटी तिने जावयाला फोन केला. त्याने कॉम्प्युटरमधलं काहीही क्षणात हुडकून देणाऱ्या एका प्रोग्रॅमचं नाव सांगितलं आणि फोनवरूनच तो बसवूनही दिला. तोच हा शोधक. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली. सिस्टरने हौसेने तिच्यात 'टाके' असा शब्द टाकला. वॉर्डातले सगळे टाके धडाधड समोर आले. त्यांच्या मागोमाग, मास्तरांनी दोन वर्षांपूर्वी शिंप्याला लिहिलेलं आणि धीर न झाल्यामुळे न पाठवलेलं एक खरमरीत पत्रही आलं. सिस्टरने ते मोठ्याने वाचून काढलं. मास्तरांचं आणि शोधकाचं बिनसलं ते तिथपासून.

पण पत्र ही खरी भानगड नव्हती. शोधक प्रत्येक फायलीखाली ती शेवटची कधी बदलली त्याची वेळ दाखवायचा. आणि सिस्टर रोज सकाळी सहाला फिरायला बाहेर पडली की सव्वासातपर्यंत मास्तर तिच्या पुस्तकात असायचे. सुरुवातीला त्यांनी फक्त वेलांट्या नीट केल्या. मग विरामचिन्हं. मग एका सकाळी 'पोरगी जिवाच्या आकांताने ओरडत होती' या वाक्यावर त्यांचा हात थबकला, आणि खाली आला तेव्हा तिथे 'प्रसूतेचा आक्रोश हृदयद्रावक होता' असं झालं होतं. एकदा हात सैल सुटल्यावर तो आवरला नाही.

आठवड्याभराने सिस्टरने विचारलंच. ही फाईल सहा पन्नासला कशी बदलली, त्या वेळी तर मी तळ्याला वळसा घालत असते. शोधक आतल्या आत काहीबाही आवरत असेल, असं मास्तर म्हणाले. हल्लीच्या प्रोग्रॅमांना ती खोडच असते, असंही वर म्हणाले. सिस्टरला ते पटलं. मास्तरांना मात्र चार महिने रोज सकाळी त्या चौकटीकडे पाठ करून बसावंसं वाटायचं. पण कॉम्प्युटरसमोर बसताना ते जमण्यासारखं नव्हतं.

पुस्तक सोमवारी प्रकाशकाकडे द्यायचं ठरलं. त्याआधीच्या गुरुवारी मास्तरांनी वर्तमानपत्रात एक लेख वाचला. फुकट मिळणारे काही शोधप्रोग्रॅम न विचारता कॉम्प्युटरमध्ये लपलेल्या फायली पेरून ठेवतात, आपण लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचून त्याची नक्कल बाजूला काढतात, आणि काढून टाकले तरी मागे उरतात. मास्तरांनी लेख दोनदा वाचला. त्यातल्या दोन चुकांवर लाल खूण केली आणि मग घाबरले.

सिस्टर त्या दिवशी जुन्या वॉर्डात गेली होती, पाळण्यांची संख्या पुन्हा मोजून यायला. दोनपर्यंत येणार होती. मास्तरांनी लेखात सांगितल्याप्रमाणे 'लपलेल्या फायली दाखवा' या ओळीपुढे खूण केली. पडद्यावर जिथे काही नव्हतं तिथे फिकट, अर्धवट पुसल्यासारख्या फायली उभ्या राहिल्या. एक, दोन, दहा, चाळीस. कुणाचंही नाव धड वाचता येत नव्हतं. आपल्या घरात चार महिने चाळीस परकी माणसं पलंगाखाली श्वास रोखून पडून होती, असं त्यांना वाटलं.

त्यांनी त्या पुसायला घेतल्या. कॉम्प्युटर दर वेळी विचारत होता, ही प्रणालीची फाईल आहे, तुमची खात्री आहे का. छापखान्यात तीस वर्षं हा प्रश्न मास्तरांनी इतरांना विचारला होता. त्यांना स्वतःला तो कुणी कधी विचारला नव्हता. ते दर वेळी ठामपणे 'हो' म्हणत गेले. फिकट म्हणजे परकी, एवढीच त्यांची कसोटी होती. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या घरच्या फायलीही फिकटच असतात, हे त्या लेखात नव्हतं, किंवा लाल खुणा करण्याच्या नादात त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. एकोणचाळीस गेल्या. चाळिसावी, डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यातली, काही केल्या जाईना. ती सध्या वापरात आहे, असं उत्तर आलं. कोण वापरतंय, हे काही कळलं नाही. तेवढ्यात पडदा काळा झाला.

मास्तरांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग कॉम्प्युटरबरोबर आलेली तबकडी शोधून आत सरकवली. तिने एकच गोष्ट विचारली: पूर्ववत करायचं का? मास्तरांना हायसं वाटलं. पूर्ववत म्हणजे सकाळच्यासारखं. नेमकं इथेच, आयुष्यभर लोकांना शब्दांचे अर्थ बजावून सांगणारा माणूस फसला. पूर्वी म्हणजे नेमकं केव्हा, हे त्यांनी विचारलं नाही. पाऊण तासाने पडदा उजळला तेव्हा त्यावर एक हिरवंगार कुरण होतं आणि 'आपल्या नव्या कॉम्प्युटरवर स्वागत' असं लिहिलं होतं. कॉम्प्युटर सहा वर्षांपूर्वी ज्या दिवशी घरात आला, त्या दिवसासारखा स्वच्छ झाला होता. त्यात पुस्तक नव्हतं. पुस्तकाचं एक पानही नव्हतं.

मास्तर बराच वेळ त्या कुरणाकडे बघत बसले. घरात चोर शिरला असं सांगावं का, हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पण कॉम्प्युटर तिथेच ठेवून फक्त प्रकरणं उचलून नेणारा चोर सिस्टरच्या गळी उतरला नसता. त्यांनी जावयाला फोन केला. जावयाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही आता कशाला हात लावत नाही आहात ना?" आता कशालाही हात लावू नका, कॉम्प्युटरचा डबा उचला आणि थेट दुरुस्तीच्या दुकानात जा, असं त्याने सांगितलं. ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर घालणार नाही, असंही तो आपणहून म्हणाला. मास्तरांना त्याच्याबद्दल कधी नव्हे ते प्रेम वाटलं.

डबा चादरीत गुंडाळून ते जिना उतरत होते आणि खालून सिस्टर वर येत होती. दोन वाजायला अजून अवकाश होता, पण पाळणे लवकर मोजून झाले होते.

"हे काय निघालंय?"

"पडदे. धुवायला देतो."

सिस्टरने एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने आपणहून पडदे धुवायला दिल्याची तिला आठवण नव्हती. तिला इतकं बरं वाटलं की तिने वॉर्डात जाताना घातलेला कोट काढला आणि तोही गाठोड्यावर ठेवला. मग, पडद्यांबरोबर उशांचे अभ्रेही जाऊ देत, म्हणून मास्तरांना तिथेच थांबवून ती वर गेली. मास्तर जिन्यावर डबा छातीशी धरून उभे राहिले. वर गेल्यावर तिला खिडकीवरचे पडदे दिसणार, हे त्यांना तेव्हा सुचलं. अभ्रे न घेताच ते सुटले.

दुरुस्तीच्या दुकानात एक पोक्त बाई होती, कपाळावर भिंग बांधलेली. तिने कोट बाजूला ठेवला, डबा उघडला आणि तासभर त्यात डोकं घालून बसली. मग म्हणाली की पहिल्या कप्प्यातलं सगळं गेलं. मास्तर समोरच्या स्टुलावर बसले.

"दुसऱ्या कप्प्यात मात्र एक आहे, काका. लपवलेली फाईल. भली मोठी."

ती चाळिसावी. बाईने ती उघडून दाखवली. शोधकाने पुस्तक वाचून ठेवलं होतं. एकदा नव्हे, ते जितक्या वेळा बदललं तितक्या वेळा, तारीख-वेळेसकट. ज्या आगाऊपणाबद्दल मास्तरांनी त्याला संपवायला घेतलं होतं, त्याच आगाऊपणामुळे पुस्तक वाचलं होतं. मास्तरांचे डोळे भरून आले. मग त्यांनी वेळा नीट पाहिल्या. सहा चाळीस, सहा पन्नास, सात पाच. प्रत्येक वाक्य दोन-दोनदा होतं. एकदा तिचं, एकदा त्यांचं. चोरीचा माल आणि पंचनामा एकाच पाकिटात मिळाला होता.

ती फाईल तशीच्या तशी सिस्टरला देणं म्हणजे स्वतःच्या हाताने फास गळ्यात घालून घेणं होतं. मास्तरांनी फोन करून, पडदे नव्हे तर कॉम्प्युटर नेलाय, शोधक काढताना जरा बिघडलाय, एवढं अर्धसत्य कळवलं. पलीकडून फक्त 'हं' आला. शुक्रवारी आणि शनिवारी दिवसभर ते दुकानातल्या एका कोपऱ्यात बसून वाक्यं निवडत राहिले. प्रत्येक ठिकाणी दोघांतलं एक ठेवायचं. आपली सुधारलेली प्रत ठेवू, असं ठरवून त्यांनी सुरुवात केली. बाविसाव्या पानापर्यंत त्यांचा हा निश्चय टिकला.

आजवर त्यांनी तिचं वाक्य वाचलं ते खोडण्यापुरतं. आता दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी होती. 'पोरगी जिवाच्या आकांताने ओरडत होती' यात पोरगी ऐकू येत होती. 'प्रसूतेचा आक्रोश हृदयद्रावक होता' यात फक्त मास्तर ऐकू येत होते. असं पानापानावर झालं होतं. चार महिने, रोज सव्वा तास, त्यांनी जिवंत बायकांना एकेक करून पांढरी चादर घातली होती. शनिवारी दुपारी त्यांनी आपलं सगळं पुसून टाकलं. तिचं जसंच्या तसं ठेवलं, पाऊणशे चुकीच्या वेलांट्यांसकट. त्या कामाला तीस वर्षांत लागली नव्हती एवढी ताकद लागली.

रविवारी सकाळी सिस्टर फिरायला गेली नाही. घरी परत आलेल्या कॉम्प्युटरवरून तिने पुस्तक कागदांवर छापून घेतलं आणि खुर्चीत बसून वाचायला लागली. चाळीस पानं झाल्यावर तिने कागद मांडीवर ठेवले. तिचा चेहरा उतरला होता.

"हे मधल्या काळात केवढं छान झालं होतं हो," ती म्हणाली. "भाषा कशी भारदस्त वाटायची. मला वाटायचं, लिहिता लिहिता आपलं वळण सुधारतंय. मग लक्षात आलं की तो शोधकच आतल्या आत आवरत असणार, तुम्ही म्हणाला होतात तसं. त्याला काढलंत आणि बघा, परत माझंच झालं."

मास्तर खुर्चीतून उठेपर्यंत तिने जावयाला फोन लावलाही होता. तो प्रोग्रॅम आजच्या आज परत बसवून दे, म्हणाली, उद्या पुस्तक द्यायचंय, वाक्यं सुधारून घ्यायची आहेत. जावयाने समजावून सांगितलं. तो नुसता शोधतो, वाचतो आणि साठवतो. एक काना इकडचा तिकडे करणं त्याच्या बापालाही जमणार नाही. सिस्टरने 'बरं' म्हणून फोन खाली ठेवला आणि वळून नवऱ्याकडे पाहिलं. वॉर्डातल्या शिकाऊ पोरींनी इंजेक्शन चुकीचं दिलं की ती त्यांच्याकडे अशी बघायची.

"किती दिवस?"

"चार महिने."

"सगळी प्रकरणं?"

"सातवं सोडून."

सातव्या प्रकरणात, जन्मून जेमतेम दीड तास जगलेल्या एका मुलीला सिस्टरने आंघोळ घातली होती, कारण तिच्या आईला उठता येत नव्हतं.

"ते का सोडलंत?"

"चष्मा काढून डोळे पुसावे लागत होते सारखे," मास्तर खाली बघून म्हणाले. "आणि चष्म्याशिवाय मला चुका दिसत नाहीत."

सिस्टरने मांडीवरचे कागद उचलले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा त्यांच्या हातात दिला. मग पुढे झुकून त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या खिशात टाकला.

"आता पहिल्यापासून वाचा," ती म्हणाली.